बीबीची खार

सोसायटीच्या ग्रुपवर परवा निरोप आला. शनिवारी संध्याकाळी पोपटी पार्टी, व्हेज आणि नॉनव्हेज मडकी वेगळी, येणाऱ्यांनी अंगठा दाखवावा. मी अंगठा दाखवला नाही. पार्किंगमागच्या मोकळ्या प्लॉटवर जाळ पेटला की वास आपल्या पायांनी वर येणार, हे मला ठाऊक होतं. पनवेलजवळच्या आमच्या करंजाड्यात असे मोकळे प्लॉट आता उरलेत किती? जे उरलेत त्यांच्यावर हिवाळ्यात एक तर क्रिकेट चालतं, नाहीतर पोपटी लागते.

काल संध्याकाळी आला वास. वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ आणि भांबुर्ड्याचा पाला. हा पाला एरवी कुणी हातात धरणार नाही इतका उग्र. पण मडक्याला आतून त्याचं अस्तर लावलं, शेंगा भरल्या, मडकं उपडं घालून भोवती जाळ केला, की त्या उग्रपणाचं काहीतरी भलतंच होतं. मी गॅलरीतले कपडेसुद्धा काढले नाहीत. आज सकाळी पदराला तो वास होता, आणि तसाच तो घेऊन मी बेलापूरला गेले. कशासाठी, ते सांगतेच.

मी मूळची साताऱ्याकडची. आमच्याकडे पोपटी म्हणजे लुगड्याचा रंग. लग्न करून नवी मुंबईत आले, बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून चिकटले. पहिल्याच हिवाळ्यात, जमिनीच्या मोबदल्यासाठी कचेरीत खेटे घालणारा घणसोलीचा हिराजी मला म्हणाला, "वयनी, सांच्याला या, पोपटी हाय," तेव्हा मला वाटलं कुठेतरी साड्या वाटतायत. मी चांगली पिशवी घेऊन गेले. त्या पिशवीवरून हिराजी मरेपर्यंत हसला.

पोपटीचा वास आला की बाकीच्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. मला मात्र पोलीस आठवतात. नव्वदीच्या सुरुवातीची ती वर्षं. आम्ही नाटक करायचो. नाटक म्हणजे पडदा, तिकीट, मध्यंतरातला वडा यातलं काही नाही. ज्यांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर हे नवं शहर उभं राहत होतं त्यांच्याच गावात, कापणी झालेल्या उघड्या शेतात उभं राहायचं आणि विचारायचं, तुम्हाला काय सांगितलं होतं आणि काय मिळालं? हा प्रश्न त्या काळी फार जणांना आवडत नसे. चार डोकी एकत्र दिसली की चौकशी व्हायची. पण शेकोटीवर मडकं ठेवलेलं असलं की जमावाची पार्टी होते. म्हणून आमच्या तालमी पोपटीभोवती चालायच्या. ‘पोपटी लावलीय’ असा निरोप आला की समजायचं, तालीम आहे.

आमच्या मंडळीला नाव नव्हतं. नाव आलं की फलक आला, फलक आला की परवानगी आली. तरी गावांनी नाव पाडलंच. पावसाळ्यात आम्ही दिवाळे गावातल्या एका कोळणीच्या शेडमध्ये बसायचो, सुक्या बोंबलाच्या भाऱ्यांना टेकून. त्यामुळे आम्ही जिथे जाऊ तिथे आमच्याआधी वास पोचायचा आणि पोरं ओरडायची, "बोंबीलवाले आले!" क्रांतिकारक रंगभूमीला याहून बरं नाव मला आजही सुचत नाही.

दिग्दर्शक इक्बाल सर. पनवेलकडच्या एका शाळेत गणित शिकवायचे. किनाऱ्यावरचं जुनं कोकणी मुसलमान घराणं, एक भाऊ आखातात, एक भाऊ व्यापारात, आणि हे आमच्यात. बारीक अंग, जाड चष्मा, स्कूटरच्या डिकीत नेहमी खडू. त्यांचीच ती ‘शेजारा’ची पद्धत, जी मी दुसऱ्या कुठल्या नाटकमंडळीत पाहिली नाही.

आधी आमच्याकडे लिहिलेली संहिता होती म्हणे. ती परवानगीला दिली तर लाल रेघा मारून परत आली, आणि प्रयोगाला एक हवालदार तो कागद मांडीवर घेऊन पुढे बसला. लाल रेघेखालचं वाक्य कुणी बोललं की तो मान वर करायचा. त्या दिवसापासून सरांनी कागद बंद केला. नाटक तोंडात राहील, म्हणाले. पण तोंडवाल्यालाच उचलून नेलं तर? त्यावर उपाय म्हणजे शेजार. तालमीला गोल बसायचं. तुमच्या उजव्या हाताला जो बसेल त्याचं सगळं काम तुम्हाला यायलाच पाहिजे. आपलं आपल्याला येतंच, त्यात काय, असं सरांचं म्हणणं. वर्गातही ते मुलाला विचारायचे, ‘तुझ्या शेजाऱ्याला गणित समजलं का, ते तू सांग.’

माझ्या उजव्या हाताला सर बसायचे आणि सरांच्या उजव्या हाताला हिराजी. सर नाटकात भूसंपादनाचे साहेब होते. ‘सदरहू क्षेत्र सार्वजनिक प्रयोजनार्थ संपादित करण्यात येत आहे’ ही असली वाक्यं त्यांना मीच पुरवलेली, कचेरीतून ताजी ताजी आणलेली. माझं स्वतःचं काम मला आता धड आठवत नाही. साहेबांचं मात्र झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवीन.

मी डोक्यावरून पदर ओढून काम करायचे. लोकांना वाटायचं भूमिकेसाठी. खरं कारण नोकरी. एकदा आमचे वरिष्ठ सहीचा कागद परत देताना सहज म्हणाले, "बाई, तुमचा आवाज परवा कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला." मी म्हटलं, "आरती म्हणत असेन, साहेब." ते हसले आणि मी जागेवर येऊन बसले तर टंकलेखन यंत्राच्या कळा दिसेनात. घरी आमचे हे म्हणायचे, नाटक कर, पण नोकरी गेली तर मला सांगायला येऊ नकोस. ते वाईट नव्हते. घराचे हप्ते डोक्यावर असलेला कोणीही हेच म्हणाला असता.

एका तालमीला खरोखरच पोलीस आले. घणसोलीच्या मागच्या शेतात मडकं लागलं होतं, माझा रडण्याचा प्रवेश चालू होता. बांधावरून हवालदार उतरला.

"काय चाललंय? जमलाय कशाला?"

"पोपटी हाय, सायेब," हिराजी म्हणाला आणि मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र आवाज आला. "झालीच बगा. बसा."

"आणि ह्या बाई रडत का होत्या?"

"धूर लागला," मी म्हटलं.

हवालदार बसला, चांगल्या ओंजळभर शेंगा खाल्ल्या. हात झटकताना म्हणाला, "नाटक करता म्हणं. कागद कुठाय नाटकाचा?"

"कागद नाही, साहेब," सर म्हणाले.

"मग पाठ कशावरनं करता?"

"शेजाऱ्यावरून."

आपली थट्टा होतेय असं त्याला वाटलं. तो उठून सरांसमोर उभा राहिला आणि नाव विचारलं. सरांनी सांगितलं. ते नाव हवालदाराने स्वतःशी हळू, पुन्हा एकदा उच्चारलं आणि निघून गेला. तो मुंबईतल्या दंगलींच्या हिवाळ्यातला प्रकार, आणि त्या हिवाळ्यात मुसलमान नाव असं कुणी परत उच्चारलं की आसपासचे आधी वाटेकडे बघायचे.

हिराजीचं भाषण नाटकाच्या शेवटी असे. भाषण म्हणजे काय, नुसती शेतांची नावं. शहराने शेतांना सेक्टर केलं आणि सेक्टरला आकडे दिले, पण त्याआधी प्रत्येक तुकड्याला नाव होतं. हिराजी डोक्याचा रुमाल काढून खांद्यावर टाकायचा आणि हजेरी घेतल्यासारखं विचारायचा, "वडाखालची?" लोकांनी म्हणायचं, "गेली!" "पानवट्याची?" "गेली!" "मोठी खार?" खार म्हणजे खाडीला बांध घालून पिकवलेली जमीन. "गेली!" मग "उघाडीवरली?" बांधातल्या ज्या दारातून खाडीचं पाणी आत-बाहेर करायचं, ती उघाडी, तिच्या वरच्या अंगाची. "गेली!" आणि शेवटी "देवाची?" ही गावदेवीच्या जत्रेसाठी राखलेली. पहिलं ‘गेली’ लोक लाजत म्हणायचे, पोरं तर हसायची. देवाचीपर्यंत येता येता बायकांचे आवाज वर चढायचे आणि मला पदराआड काटा यायचा.

त्र्याण्णवच्या त्या जानेवारीत मुंबई दंगलींनी पेटली होती. खाडीच्या या बाजूला तसं शांत होतं, पण त्या शांततेत कुणाला नीट जेवण जात नव्हतं. कचेरीत चहाच्या वेळी रोज नवीन बातमी, कुठून ट्रक निघालाय, कुठल्या दुधात काय कालवलंय. वर्षानुवर्षं एका डब्यात जेवणारी माणसं आपापला डबा घेऊन वेगळ्या टेबलांवर बसू लागली. सरांच्या घरच्यांनी त्यांना बाहेर पडायला बंदी केली होती. आणि घणसोलीचा प्रयोग ठरलेला होता.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी हिराजीला उचललं. जमिनीच्या मोर्च्यात तो पुढे असायचा, म्हणून खबरदारीचा उपाय. मी पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं, शेतात माणसं बसली होती, आणि विहिरीपाशी सर स्कूटर लावत होते.

"सर, आज नको," मी म्हटलं.

"मग कधी?"

"हे वारं जरा बसू दे. मागं ती पोरं उभी आहेत बघा. मला एकही ओळखीचा वाटत नाही."

सरांनी मागे पाहिलं. हाताच्या घड्या घालून पाचसहा जण उभे होते, बसत नव्हते. "शालनबाई," सर म्हणाले, "शेजार आपण ठेवला कशाला? नुसता पोपटी खायला?"

ते हसत म्हणाले. डोक्याला हिराजीसारखं फडकं गुंडाळायचा प्रयत्न चालला होता आणि ते सुटत होतं. तेवढ्यात हिराजीची बायको, ठमाबाई, गर्दीतून आली. तिने हिराजीचा लाल चौकड्यांचा रुमाल पुढे केला. "हा घ्या. त्यांचाच हाय," एवढंच बोलली आणि जाऊन पुढे बसली, मांडीवर धाकट्या गुलाबला घेऊन.

मला तेव्हा सरांचा राग आला होता, हे सांगितलंच पाहिजे. एवढी कसली हौस, असं वाटत होतं. माणूस मेला तर नाटकाचं काय करायचं?

नाटक शेवटापर्यंत नीट गेलं. साहेबांचं काम मी केलं, पदर डोक्यावर ठेवून, आणि लोक हसले. मग सर पुढे आले. रुमाल खांद्यावर टाकला. हिराजीचाच आवाज, हिराजीचीच बोली, ‘ण’चा ‘न’ अगदी जागच्या जागी.

"वडाखालची?"

"गेली!"

"पानवट्याची?"

"गेली!"

मोठी खार गेली. उघाडीवरली गेली. पुढचं नाव होतं देवाची. सरांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मी त्यांच्याकडे बघत होते, मला सगळं समजलं. त्या आठवड्यात, त्या शेतात, मागे ती पोरं उभी असताना, त्यांच्या तोंडून ‘देवाची’ निघेना. आणि जे निघालं ते भलतंच.

"बीबीची खार?"

घणसोलीत अशी खारच नव्हती. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मागच्या पोरांतला एक जण "काय म्हनला?" असं मोठ्याने म्हणाला. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्यांचं काम येत होतं, हिराजीचं येत नव्हतं, आणि सर आता हिराजीच्या जागी होते. त्या जागेच्या डाव्या हाताला, जिथे एरवी सर बसायचे, आता कुणीच नव्हतं.

"गेली!"

ठमाबाई. घसा बसलेला, सकाळपासून ओरडून ओरडून. तिने सरांकडे पाहिलंसुद्धा नाही, समोर बघून म्हणाली. मग तिच्या बाजूची म्हणाली, गेली. मग सगळ्या बायका, मग बांधावरचे म्हातारे. सरांनी श्वास घेतला आणि अगदी हळू विचारलं, "देवाची?" त्यावर जे ‘गेली’ आलं तसं पुढे कधी ऐकलं नाही. मागच्या पोरांतल्या एकाने हाताची घडी सोडली होती, एवढं मला दिसलं.

त्या संध्याकाळी स्कूटरला किक मारता मारता सर म्हणाले, बीबी म्हणजे त्यांची आजी. तिची खार पनवेलच्या बाजूला, खाडीला लागून. तीही संपादनात गेली. "कुठून आली तोंडात, मलाच माहीत नाही. मोठी चूक झाली."

हिराजी सुटून आला तो तालमीलाच आला. दाढी वाढलेली, पायाला सूज. भाषणाची पाळी आली तर ‘उघाडीवरली’नंतर त्याने स्वच्छ विचारलं, "बीबीची खार?"

"हिराजी, ती माझी चूक होती," सर म्हणाले. "काढून टाक."

"गाव गेली बोल्ला ना?"

"बोलला."

"मंग गेली. आता ती कशी काढाची?"

त्यानंतर ज्या ज्या गावात प्रयोग झाला तिथे बीबीची खार गेली. उरणकडच्या गावांत, पार खाडीच्या टोकाच्या पाड्यांवर, जिथे बीबी कोण हे कुणाच्या बापाला ठाऊक नव्हतं, तिथेही लोक म्हणायचे, गेली.

मंडळी नव्वदीतच विस्कटली. काहींना प्लॉट मिळाले, काहींना नोकऱ्या, काहींना कंटाळा. मी निवृत्त होऊन करंजाड्यात फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला सर आले होते, गॅलरीत उभे राहून बराच वेळ खाली बघत राहिले. "बीबीची खार इकडेच होती कुठेतरी," म्हणाले. "कुठे?" मी विचारलं. "जाऊ दे," म्हणाले, "मस्त हवा आहे तुमच्याकडे." त्या दिवसानंतर मी त्या गॅलरीत कितीतरी दिवस खुर्ची टाकली नाही.

आता बेलापूरच्या एका ग्रंथालयात या भागातल्या चळवळींच्या नाटकांचा संग्रह करतायत. केतकी नावाची हुशार मुलगी ते काम बघते. ती माझ्याकडे आली तेव्हा तिने विचारलं, संहिता? नाही. फोटो? नाहीत. जाहिरात, फलक? छे. एक फुटका डफ आणि साहेबांची टोपी तेवढी निघाली. तिचा चेहरा पडला. मी तिला शेजाराची गोष्ट सांगितली. हिराजीला जाऊन काही वर्षं झाली, पण त्याचं भाषण त्याच्या शेजाऱ्याकडे असणार. सरांचा आवाज यंत्रावर घ्यायचा, असं ठरलं.

सर फोनवर हो म्हणाले आणि लगेच पुढे म्हणाले, "ते एक नाव मी घेणार नाही."

"का?"

"चूक होती ती, शालनबाई. संग्रहात चूक कशाला?"

"सर, खरं कारण सांगा."

"दिवस कसे आहेत तुम्हाला दिसत नाही? उद्या कोणीतरी तेवढाच तुकडा कापून फिरवेल. घणसोलीत यांची जमीन कुठून आली म्हणेल. तेव्हा जे व्हायचं ते माझं एकट्याचं झालं असतं. आता नातू कॉलेजात जातो, त्याला उत्तरं द्यावी लागतील."

मी चिडले, सरांवर नाही, पण ओरडले त्यांच्यावरच. मग फोन ठेवून रडले, कारण ते खोटं बोलत नव्हते. त्या जानेवारीतही मी ‘नको’ म्हटलं होतं. आता सर नको म्हणत होते आणि कुठल्या तोंडाने त्यांना पुढे ढकलू, हे मला कळेना. नाव घेतलं तर त्यांच्या घरावर काही येईल, आणि गाळलं तर ती संध्याकाळ झालीच नव्हती असं होईल.

आज दुपारी बेलापूरला त्या खोलीत आम्ही चौघं होतो. केतकी, मी, सर आणि हिराजीची गुलाब. ठमाबाईच्या मांडीवरची ती गुलाब आता घणसोली गावात भाड्याच्या खोल्या सांभाळते, दोन मुलांची आई आहे. बापाचा लाल रुमाल तिने पिशवीतून आणला होता. सरांनी तो खांद्यावर टाकला. आवाज म्हातारा झालाय, पण बोली तीच.

"वडाखालची?"

"गेली," मी आणि गुलाब म्हणालो.

"पानवट्याची?"

"गेली."

"मोठी खार?"

"गेली."

"उघाडीवरली?"

"गेली."

सर थांबले नाहीत. "देवाची?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात गुलाबने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी गप्प बसले. यंत्रावरचा लाल दिवा चालूच होता.

"देवाची?" सरांनी पुन्हा विचारलं.

"सर," गुलाब म्हणाली, "मधी एक ऱ्हायली."

सरांनी चष्मा काढला. "गुलाब, नको."

"बाबानी कवाच सोडली नाय. आयनी पन नाय." ती आवाज न चढवता बोलत होती. "तुमी इचारा. बोलाचा आमाला हाय."

सर खिडकीकडे बघत राहिले. केतकी यंत्र बंद करायला उठली, मी तिला हाताने बसवलं. मग सरांनी रुमाल नीट केला. आवाज या वेळी हिराजीचा नव्हता, त्यांचा स्वतःचा होता.

"बीबीची खार?"

"गेली," आम्ही म्हणालो.

"देवाची?"

"गेली."

केतकीने दिवा बंद केला. वही उघडून जरा अडखळत म्हणाली, "बाकीची नावं गावच्या जुन्या नकाशात सापडतात. ही बीबीची खार कुठे दिसली नाही. कुणाची होती ही?"

सर मान खाली घालून रुमालाची घडी करत होते.

"आमची," गुलाब म्हणाली.

"आमची म्हणजे?"

"आमची म्हंजे आमची. लिव."